खालची फूट

खंडोजीराव मोहिते वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले, तेव्हा बंगळुरात चामराजपेटेतल्या किराणा दुकानदारांनी मिळून त्यांना शाल, नारळ आणि एक छोटा चांदीचा तराजू दिला. तराजू त्यांनी तिथल्या तिथे तपासला. एक पारडं हलकं निघालं. दुकानदारांना धक्का बसला. खंडोजीरावांना अजिबात बसला नाही. माणूस निवृत्त होतो, माप होत नाही, असं त्यांचं मत होतं. त्यांनी आभाराच्या भाषणातच समज दिली आणि नारळ हलवून पाहत घरी आले.

असा माणूस गुलाबाच्या नादाला लागला तर गुलाबाचं काय होईल, ते सांगायला नको. घराच्या गच्चीवर त्यांच्या कुंड्या हजेरीला उभ्या असल्यासारख्या रांगेत असत. सगळी कलमं. कलमी गुलाबाची गंमत अशी, की वर मिरवतं ते एक झाड आणि खाली मातीत राबतं ते दुसरंच. खाली दणकट जातीचा खुंट लावायचा, त्याच्या सालीला चीर देऊन वरच्या नामांकित गुलाबाचा एक डोळा भरायचा, डोळा फुटला की खुंटाचं डोकं उडवायचं. पुढे जन्मभर खुंटाने पाणी उपसायचं आणि वरच्याने बक्षिसं घ्यायची. पण खुंटालाही कधीमधी वाटतं, आपणही एखादी फांदी काढून बघावी. तिला म्हणतात खालची फूट. ती वेळेवर छाटली नाही तर वरच्याला उपाशी मारून सगळं झाड आपल्या नावावर करून घेते.

खालची फूट ही खंडोजीरावांची खास वैरीण. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात चष्म्याशेजारी कायम सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, असे. लग्नाला जाताना सुद्धा. मांडवाच्या दाराशी शोभेला ठेवलेली कुंडी दिसली, की अक्षता एका हातात धरून दुसऱ्या हाताने ते खाली वाकत. गुलाबप्रेमी मंडळाचे ते परीक्षक होते; तिथे त्यांचं दरवर्षी याच विषयावर भाषण होई आणि मंडळाचा एक नियमही त्यांनीच भांडून मंजूर करून घेतला होता: खालच्या फुटीचं फूल प्रदर्शनाच्या टेबलावर येता कामा नये, आलं तर फूल बाद, आणि आणणारा परीक्षक असला तर त्याने आपला बिल्ला परत करावा. ओळखीपाळखीचे लोक त्यांना चहाला बोलावण्याआधी कुंड्या आत घेत.

"दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या झाडाला हात लावायचा नाही हो," त्यांच्या पत्नी शालनबाई सांगत. "त्यापेक्षा त्याच्या बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवा. ते लोक विसरतात तरी."

एवढ्या कडक माणसाला एक हळवी जागा होती. तिचं नाव लवंगी.

लवंगी म्हणजे पांढरा, पाच पाकळ्यांचा, झुबक्याने फुलणारा गुलाब. थंडीत एकदाच फुलायचा. वास गुलाबाचा नाही, लवंगेचा. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी जी मराठी घराणी बंगळुरात आली आणि परत जायचं विसरली, त्यांच्यात पूर्वी नवरीच्या वेणीत लवंगीचा झुबका असल्याशिवाय तिला बोहल्यावर चढवत नसत. खंडोजीरावांच्या थोरल्या बहिणीच्या, सोयराबाईंच्या लग्नात तो होता. परसातल्या विहिरीकाठी झाड होतं. पुढे नळ आले, विहीर बुजवली, झाड गेलं. इतरांच्या घरीही असंच काही झालं असावं, कारण खंडोजीराव शोधायला निघाले तेव्हा अख्ख्या शहरात लवंगीचं एक पान शिल्लक नव्हतं.

शोधात त्यांनी काही कमी ठेवलं नव्हतं. कॅन्टोन्मेंटातल्या जुन्या बंगल्यांची कुंपणं पाहून झाली. एका ख्रिस्ती स्मशानभूमीत कबरींवरचे गुलाब हुंगताना रखवालदाराने त्यांना हटकलं आणि नातेवाईक कोण, म्हणून विचारलं. खंडोजीरावांनी खरं सांगितलं, तेव्हा त्याने कुत्रा सोडला. एचएसआर लेआउटमध्ये तेव्हा घरांपेक्षा सीमारेषेचे दगड जास्त होते. तिथल्या एका पाडलेल्या मळेघराच्या ढिगाऱ्यात पांढरा गुलाब आहे असं कळल्यावर ते दोन बस बदलून गेले. ती कण्हेर निघाली. बाजारात विचारावं तर 'लवंगी' म्हटल्याबरोबर दुकानदार मिरच्या तोलायला घेत, आणि खंडोजीरावांचं लक्ष गुलाबावरून उडून तराजूकडे जाई.

देवाप्पालाही विचारलं होतं. देवाप्पा म्हणजे नर्सरीवाला. शहरातल्या निम्म्याअधिक हौशी लोकांच्या कुंड्यांत त्याचेच खुंट होते. खंडोजीरावांच्या तर सगळ्याच. "पांढरं फूल, लवंगेचा वास, कुठं पाहिलंस का रे?" त्यावर देवाप्पा म्हणाला होता, "साहेब, मी खुंट विकतो. फुलं तुमच्याकडे." पुढे तो वारला आणि नर्सरीच्या जागी कल्याणमंडप उभा राहिला.

एवढं झाल्यावर गेल्या सर्वसाधारण सभेत मंडळाचे अध्यक्ष जयतीर्थराव यांनी तो विषय काढला. जयतीर्थराव बँकेतून मॅनेजर होऊन निवृत्त झालेले, घरात मराठी आणि घराबाहेर कन्नड बोलणारे, आवाज कायम खालच्या पट्टीत.

"मोहिते," ते म्हणाले, "अक्कांच्या लग्नात लवंगेचा वास आला, हे मला शंभर टक्के मान्य आहे. विडे असतील की हो."

सभा हसली. चहा देणारा माणूससुद्धा हसला. खंडोजीराव उभे राहिले, आणि ज्या आवाजात त्यांनी जन्मभर खोटी वजनं जप्त केली त्याच आवाजात म्हणाले, "येत्या जानेवारीच्या प्रदर्शनात लवंगी टेबलावर ठेवीन. नाही ठेवली, तर लवंगी नव्हतीच, असं याच माइकवरून सांगेन आणि बिल्ला काढून देईन."

"सरी, ठरलं," जयतीर्थराव म्हणाले, आणि शेजाऱ्याला म्हणाले, "माइक दुरुस्त करून ठेवायला पाहिजे."

जानेवारी आला. मंगळवारी संक्रांत, त्याच आठवड्यात रविवारी प्रदर्शन, आणि लवंगीचा पत्ता नाही. संक्रांतीच्या सकाळी खंडोजीरावांनी प्रदर्शनासाठी गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या साफ केल्या, खालच्या फुटी वेचून वेचून कापल्या, टोपलीभर कचरा झाला तो शेजारच्या बकरीला घातला, आणि दुपारी शालनबाईंनी भरून दिलेला एळ्ळु-बेल्लचा डबा घेऊन के. आर. पुरमला अक्काकडे निघाले. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे आणि साखरेच्या पांढऱ्या चित्रांचा तो डबा दरवर्षी जायचा. यंदा त्यांचा दुसरा हेतूही होता. रविवारी माइकवर काय बोलायचं ते आधी अक्काला सांगायचं होतं. लवंगीची साक्षीदार आता तेवढी एकच उरली होती, आणि तिला खोटं पाडल्याशिवाय त्यांना शब्द पाळता येणार नव्हता.

अक्का घरी नव्हती. डबे वाटायला शेजारणींकडे गेली होती. ओसरीवर तिचे यजमान सूर्यकांतराव ट्रान्झिस्टर कानाला लावून बसले होते. हे रेल्वेत सिग्नलकडे नोकरीला होते. गरज नसताना आवाज करायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं.

"अक्का?"

सूर्यकांतरावांनी हाताने रस्ता दाखवला.

खंडोजीराव पाय धुवायला परसात गेले आणि जागीच थांबले. ते कधीही आले तरी परसातल्या दोरीवर अक्काची ओली साडी वाळत असे. ओल्या धुतल्या साडीला कोणी हात लावायचा नाही, ही त्यांच्या घरची शिस्त. त्यामुळे साडीपलीकडचं परस त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आज सण म्हणून धुणं नव्हतं. पलीकडे त्यांची 'महाराणी' होती.

महाराणी म्हणजे त्यांचा सर्वांत नामांकित गुलाब, कोबीएवढ्या लाल फुलाचा. त्याचं एक कलम त्यांनी अक्काला वास्तुशांतीला दिलं होतं. त्या महाराणीचं आता वाळकं, काळं बोटभर लाकूड उरलं होतं. आणि तिच्या पायातून, डोळ्याच्या खालून, माणसापेक्षा उंच अशी खालची फूट माजली होती. तिने भिंत धरली होती, संडासाचं छप्पर धरलं होतं, शेजाऱ्यांच्या पपईच्या खांद्यावर हात टाकला होता.

खंडोजीरावांना आयुष्यात एवढा धक्का बसला नव्हता. हा प्रकार बहिणीच्या घरी! वर शेंड्याला काय आहे ते त्यांनी पाहिलं नाही. खालच्या फुटीकडे पाहायचं नसतं, कापायचं असतं. सिकेटर निघालं. सिकेटर पुरेना, तेव्हा ते ओसरीवर आले.

"दाजी, कोयता?"

सूर्यकांतरावांनी कोयता दिला. थोड्या वेळाने खंडोजीराव पुन्हा आले.

"कुदळ आहे?"

कुदळही मिळाली. संध्याकाळपर्यंत परस स्वच्छ झालं. खंडोजीराव घामाघूम होऊन, काट्यांनी ओरबाडलेले हात धुऊन ओसरीवर बसले. आठवडाभरात पहिल्यांदाच त्यांना बरं वाटत होतं.

तेवढ्यात सोयराबाई आल्या. भावाला पाहून हसल्या, "बस रे, कॉफी टाकते," म्हणत आत गेल्या, आणि परसातून जो आवाज आला त्याने सूर्यकांतरावांनी ट्रान्झिस्टर बंद केला. तो त्यांनी वर्ल्ड कपच्या फायनलला सुद्धा बंद केला नव्हता.

"कुणी केलं हे?"

"मीच," खंडोजीराव उठले. "तुझी महाराणी मेली होती अक्का. खालची फूट माजली होती. मी मुळासकट—"

"महाराणी पहिल्याच उन्हाळ्यात मेली! तिच्यासाठी कोण रडतंय? लवंगी होती ती, मेल्या! माझी लवंगी!"

खंडोजीरावांनी बसायला खुर्ची शोधली. ती होती तिथेच होती, पण त्यांना सापडेना.

"लवंगी?"

"मग काय मिरची? दर थंडीला माळते मी. आता चार दिवसांनी फुलली असती!"

"अगं मग... अगं, एवढी वर्षं मी शहरभर... मला सांगितलं का नाहीस?"

"तुला काय सांगायचं? तूच दिलीस ना आणून!" सोयराबाईंचा आवाज चढला. "खाली लवंगी, वर तो लाल कोबी. मला वाटलं, भावाने आठवण ठेवली. त्या मंडळातल्या लोकांच्या नजरेला पडू नये म्हणून मुद्दाम खालून दिली. मग मीही बोभाटा केला नाही."

"आणि मी दर वेळी विचारत होतो ते? वास कसा, पाकळ्या किती, कळी कशी?"

"मला वाटलं, परीक्षा घेतोयस. जन्माची सवय तुझी. लहानपणी माझ्या वेणीचे पेड मोजायचास."

"शोधत फिरत होतो ते तरी दिसत होतं ना!"

"मला वाटलं, आणखी एक हवी असेल. तुम्हा लोकांना एकाने कधी भागलंय?"

"मग ती साडी? दर वेळी ती ओली साडी कशाला?"

"तू येतोस म्हणून! दिलीस खरी, पण तुझ्या हाताचा काय भरवसा? झाड खालून हिरवं दिसलं की तुझं तुला भान राहत नाही. आणि आज एक दिवस साडी घातली नाही, तर बघ!" त्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुम्ही बघत बसलात?"

"खंडोजीराव तज्ज्ञ आहेत," सूर्यकांतराव म्हणाले.

"कुदळ कुणी दिली त्याला?"

"त्यांनी मागितली."

"अय्यो देवा! कुठं आहे आता? कापलेलं कुठं टाकलंत?"

सूर्यकांतरावांनी किंचित विचार केला. "पोरं किच्चाला काटक्या मागत आली होती."

सोयराबाईंनी पदर खोचला आणि त्या पळत सुटल्या. पाठीमागून खंडोजीराव, त्यांच्या मागून, जन्मात पहिल्यांदाच, सूर्यकांतराव.

संक्रांतीच्या संध्याकाळी तिकडे गायीबैलांना शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून पेटत्या जाळावरून उड्या मारायला लावतात. त्याला म्हणतात किच्चु. त्या वेळी के. आर. पुरममध्ये घरं शहराची असली तरी गोठे गावाचेच होते. मैदानात गवत आणि काटक्यांचा ढीग रचला होता. पलीकडे जनावरं अधीर झाली होती, ढोल वाजत होता आणि एक माणूस पेटता बोळा काठीला बांधून ढिगाकडे निघाला होता. ढिगाच्या अगदी वर, मुंडावळ्या बांधल्यासारखी, लवंगी होती.

"निल्लिसी! थांबवा!" खंडोजीराव ओरडले. ढोलात ते कुणाला ऐकू आलं नाही. मग त्यांच्या तोंडून आपोआप जे निघालं, ते तीस वर्षांच्या सरावाचं होतं.

"वजनमापे खातं! कोणी जागचं हलायचं नाही!"

ढोल थांबला. बोळेवाला थांबला. गर्दीतले दोन दूधवाले गर्दीतून बाहेर पडले आणि पुन्हा दिसले नाहीत. एका बैलाने मात्र खात्याला जुमानलं नाही. त्याने ढिगातून एक डहाळी ओढली आणि तो रवंथ करू लागला.

खंडोजीराव ढिगावर चढले. धोतर काट्यात अडकलं ते त्यांनी तसंच ठेवलं. त्यांच्या हाताला शेंडा लागला. आज दिवसभरात प्रथमच ते शेंड्याकडे पाहत होते. कळ्यांचे झुबके होते, बहुतेकांच्या टोकाला पांढरा रंग नुकता दिसू लागलेला. एक, एकच, उमलली होती. पाच पाकळ्या. त्यांनी ती नाकाशी नेली.

त्या ढिगावर, सगळ्या गावासमोर, खंडोजीराव मोहिते तोंड उघडं टाकून बसून राहिले. बुजवलेल्या विहिरीचा काठ, नवरी झालेली अक्का, तिच्या पाठीमागून पेड मोजत चाललेला एक लहान मुलगा, हे सगळं त्यांच्या नाकातून आत शिरलं होतं आणि बाहेर यायला तयार नव्हतं.

"जिवंत आहे का रे?" खालून सोयराबाईंनी विचारलं.

"मी की ती?" ते म्हणाले.

मुळाचं खोड कुदळीने दुभंगलेलं निघालं. दोन्ही तुकडे, आणि बैलाने ठेवल्या तेवढ्या डहाळ्या घेऊन तिघं परत आले. तुकडे मातीत गेले, डहाळ्या पितळेच्या घागरीत. घागर भरता भरता खंडोजीरावांनी तो प्रश्न विचारला, जो त्यांना मैदानातून येताना रस्ताभर टोचत होता.

"अक्का, विहीर बुजवली तेव्हा आपलं झाड कुठं गेलं गं? जाळलं?"

"जाळतंय कोण! आप्पांनी उपटलं आणि देवाप्पाने गाडीवर घालून नेलं ना. म्हणाला, 'जात दणकट आहे, खुंटाला करतो.' तू शाळेत होतास."

खंडोजीरावांच्या हातातली घागर भरून वाहू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालनबाई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या, तर नवरा कुंड्यांच्या रांगेपुढे गुडघे टेकून बसलेला. प्रत्येक कुंडीत मातीलगत पांढरे, ताजे काप होते. कालच्या सकाळचे. त्यांच्या खाली जुने करडे काप, त्यांच्या खाली आणखी जुने, गाठी होऊन बसलेले.

"पाठ धरली का?" शालनबाईंनी विचारलं.

"शालन, सगळे देवाप्पाचे खुंट आहेत."

"मग?"

"सगळ्या लवंगी आहेत. या सगळ्या. मी शहर धुंडाळून यायचो, वर यायचो, आणि हिलाच कापायचो. दर आठवड्याला. काल शेवटची बकरीला घातली."

शालनबाईंच्या हातून ओला टॉवेल पडला. त्या नवऱ्याच्या कुठल्याच बोलण्याने सहसा दचकत नसत. त्यांनी टॉवेल उचलून झटकला.

"तरीच," त्या म्हणाल्या, "ते बकरीचं दूध गेल्या वर्षी जयतीर्थरावांनी नावाजलं होतं."

रविवारी प्रदर्शनाचा हॉल भरला होता. मध्ये टेबलांवर फुलं, भिंतीकडेने नावाजलेल्या कुंड्या. त्यांत खंडोजीरावांची महाराणी, आणि तिच्या शेजारी जयतीर्थरावांचा तो पिवळा गुलाब, ज्याच्याशी ते बायकोपेक्षा मऊ बोलत. प्रमुख पाहुणे वाटेत अडकले होते. जयतीर्थराव स्वतः माइकची परीक्षा घेत होते.

खंडोजीराव आले ते पितळी तांब्या घेऊन. मागे सोयराबाई, शालनबाई आणि सूर्यकांतराव. तांब्या त्यांनी जुन्या जातींच्या टेबलावर ठेवला. झुबके पूर्ण उमलले होते.

वास आधी पोचला. पलीकडच्या टेबलाशी दोन म्हाताऱ्या बोलत होत्या, त्या मध्येच थांबल्या. एकीने दुसरीचा दंड धरला. जयतीर्थराव माइक सोडून आले, वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मंडळाच्या चिटणिसांना वाटलं, यांना काही झालं. त्यांनी पाणी मागवलं.

"माझी आई," जयतीर्थराव अखेर म्हणाले. आवाज त्यांच्या नेहमीच्या पट्टीत नव्हता. "आमच्या आईच्या लग्नातल्या शालूच्या घडीत हा वास होता. मला वाटायचं, पेटीत लवंगा ठेवत असतील." त्यांनी मान वर केली. "मोहिते, मी हरलो. माइक घ्या. कुठं सापडली?"

आता गप्प राहिलं असतं, तर खंडोजीराव जिंकले होते. हॉल टाळ्या वाजवायच्या बेतात होता. पण नियम मोडणारा समोर आला की त्यांच्यातला निरीक्षक बोलायचाच, मग तो नियम मोडणारा ते स्वतः का असेनात.

"अक्काच्या परसात," ते म्हणाले. "डोळा नाही. खालची फूट आहे."

हॉलभर माना वळल्या. कुणीतरी "काय?" म्हणालं. कुणीतरी "मोहित्यांची?" म्हणालं.

"नियम तुम्हाला माहीत आहे," खंडोजीराव म्हणाले. "मीच करून घेतला." त्यांनी टेबलावरचं 'बाद' लिहिलेलं कार्ड उचललं, तांब्याला टेकवून ठेवलं, खिशावरचा बिल्ला काढला आणि जयतीर्थरावांच्या हातात दिला. "टेबलावर ठेवायचा शब्द होता, ठेवली. टेबलावर ठेवायची नव्हती, म्हणून बाद. दोन्ही हिशेब चुकते."

"अहो पण मोहिते, नियम आपण बदलू—"

"माप मध्येच बदलत नाहीत, जयतीर्थराव."

"टेबलावर चालत नाही ना?" सोयराबाईंनी विचारलं. त्यांनी तांब्यातला मोठा झुबका काढला, पाणी झटकलं आणि पांढऱ्या अंबाड्यात खोवला. "डोक्याचा नियम नसेल तुमचा." आणि त्या हॉलमधून रमतगमत निघाल्या. त्यांच्या मागून त्या दोन म्हाताऱ्या, मग आणखी चार-पाच बायका, नाकं पुढे करून.

याच गोंधळात चिटणिसांनी घाईघाईने कुंडी विभागाचा निकाल वाचला. वातावरण निवळावं, एवढाच त्यांचा हेतू होता. चांदीचा चषक: खंडोजीराव मोहिते, महाराणी.

खंडोजीरावांनी चषक घेतला. तो खुर्चीवर ठेवला. महाराणीपाशी गेले. पाच लाल फुलं, एकेक कोबीएवढं. त्यांनी खिशातून सिकेटर काढलं, खाली वाकले आणि डोळ्याच्या बोटभर खाली, आजवर ज्या जागेला त्यांनी कधी धक्का लावला नव्हता तिथे, पातं लावलं. सिकेटर दोनदा कुरकुरलं आणि महाराणी फुलांसकट आडवी झाली.

एक बाई किंचाळली. चिटणिसांनी मागवलेलं पाणी स्वतः प्यायलं. शालनबाईंनी डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत "चषक परत मागतील का?" असं पुटपुटल्या.

"मोहिते!" जयतीर्थराव पांढरेफटक पडले होते. "शुद्धीवर आहात का? कप मिळालेलं झाड!"

"खाली देवाप्पाचा खुंट आहे," खंडोजीराव शांतपणे सिकेटर पुसत म्हणाले. "आमच्याच विहिरीवरचा. आता येऊ दे त्याला वर. पुढच्या थंडीपर्यंत फुलेल."

जयतीर्थराव वळले. त्यांनी आपल्या पिवळ्या गुलाबाकडे पाहिलं. वरून नव्हे. हळूहळू त्यांची नजर खाली, खाली, मातीपर्यंत गेली.

"मी सुद्धा," ते म्हणाले, "देवाप्पाकडूनच घेतला होता."

"आम्ही पण," चिटणीस म्हणाले.

"आमच्याकडे सगळे त्याचेच."

मग अख्ख्या हॉलमध्ये खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. डॉक्टर, वकील, निवृत्त न्यायाधीश, दोन प्राध्यापक, सगळे आपापल्या कुंड्यांपुढे उकिडवे बसले आणि मातीत बोटं घालून पाहू लागले. कुणाला जुना काप सापडे, कुणाला एखादा हिरवा कोंब, मग त्याच्याभोवती चार डोकी जमत. "हात लावू नका!" "कापू नका हो!" "अण्णा, चष्मा द्या तुमचा." खंडोजीराव रांगेमागून फिरत होते, त्यांना पाहून लोक आपल्या कोंबावर ओंजळ धरत होते. सवयच तशी लावली होती त्यांनी.

प्रमुख पाहुणे पोचले ते याच वेळी. दारात हार घेऊन कोणी नव्हतं. मंचावर कोणी नव्हतं. अख्खं मंडळ त्यांच्याकडे पाठ करून जमिनीशी वाकलं होतं. उभ्या होत्या फक्त एक म्हाताऱ्या बाई, अंबाड्यात पांढरी फुलं माळलेल्या.

"काय हरवलंय?" पाहुण्यांनी घाबरून विचारलं.

"हरवलं होतं," सोयराबाई म्हणाल्या. "स्वल्प बाजूला व्हा की हो. उजेड अडतोय त्यांचा."